डावा हात मोकळा झाला पाहिजे: .२२ रायफलला स्लिंग बसवण्याची पहिली उजळणी

महाराष्ट्रातल्या बहुतेक नेमबाजांची सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते. तिथे उभं राहूनच नेम धरायचा असतो आणि स्लिंग वापरायला परवानगीच नसते. त्यामुळे दोन-चार वर्षं एअर रायफल मारलेली मुलं-मुली ५० मीटरला येतात, मॅटवर पालथी होतात, तेव्हा स्लिंग नावाच्या पट्ट्याशी त्यांची पहिली गाठ पडते. मग दोनातलं एक होतं. एक तर पट्टा दंडावर कसाबसा अडकतो आणि रायफल हातानेच पेलली जाते. नाहीतर शेजारचा कुणीतरी "अजून आवळ" म्हणतो आणि बोटं जांभळी होईपर्यंत तो आवळला जातो. दोन्हीकडे गोळ्या टार्गेटभर विखुरतात आणि दोष लागतो काडतुसांच्या लॉटला, वाऱ्याला, डायॉप्टरला, म्हणजे मागच्या बारीक छिद्राच्या साइटला.

इथे बोलायचं आहे ते प्रोनसाठी, म्हणजे पालथं पडून मारताना लागणाऱ्या शूटिंग स्लिंगबद्दल. खांद्यावर रायफल अडकवायचा पट्टा ही वेगळी वस्तू आहे, तिच्याकडे शेवटी येऊ. सगळं उजव्या हाताच्या नेमबाजाला धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.

एक कसोटी पहिल्यापासून डोक्यात ठेवा: स्लिंग नीट बसला की डाव्या हाताला काही काम उरत नाही. तळहात रायफलखाली असतो, पण पेलत नाही, धरत नाही, ढकलत नाही. दंड, पुढचा हात आणि पट्टा यांचा त्रिकोण होतो आणि वजन हाडांवर व पट्ट्यावर जातं. स्नायू थकतात, थरथरतात, दर गोळीला वेगळं वागतात. हाड आणि पट्टा तसं करत नाहीत. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीसाठी आहे.

थोडं गणित केलं की इतकी खटपट का, ते कळतं. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि आपली गोळीच ५.६ मिलिमीटरची. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ७५ सेंटिमीटर अंतर धरा. पुढची साइट मागच्या साइटच्या मानाने एक मिलिमीटर जरी सरकली, तरी ५० मीटरवर गोळी जवळपास ६७ मिलिमीटर बाजूला जाते. दहाऐवजी दोन. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्ण घेतलं, म्हणजे साठ गोळ्यांत तीनच गुण गेले. असा सारखेपणा हाताच्या ताकदीने येत नाही.

आधी रायफल रिकामी

.२२ ही रिमफायर असली, आवाज-धक्का कमी असला, तरी ती खरी बंदूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तिला परवाना लागतो आणि नवशिक्याने ती क्लबच्या रेंजवर, कोचच्या देखरेखीखालीच हाताळायची. स्लिंग बसवण्याचं काम घरी दिवाणखान्यात करू नका. ते रेंजवरच करा, नळी टार्गेटच्या दिशेला ठेवून.

बोल्ट उघडा. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, नुसतं "रिकामीच आहे" म्हणू नका. सेफ्टी फ्लॅग घाला, म्हणजे ती भडक रंगाची दोरी नाहीतर पट्टी, जिचं टोक चेंबरमध्ये जातं आणि लांबूनही दिसतं. काडतुसांचा डबा मॅटवर नको, मागच्या टेबलावर ठेवा. स्लिंग बसवताना दोघांचे हात रायफलवर असतात, कुणी नळी धरतो, कुणी नट सैल करतो, म्हणून ही काळजी इथे दुपटीने घ्यायची. पुढच्या पायऱ्यांत "नेम धरा" म्हटलं आहे तिथे फ्लॅग काढावा लागेल. तो कोचला सांगून काढायचा आणि रायफल खाली ठेवताना परत घालायचा.

काय काय लागतं

रायफलच्या फोरएंडखाली, म्हणजे नळीखालच्या लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भागात, एक लांब खाच असते. तिला रेल म्हणतात. अन्शुत्झसारख्या टार्गेट रायफलींत या रेलमध्ये हँडस्टॉप पुढे-मागे सरकतो आणि नट किंवा अ‍ॅलन की फिरवून घट्ट बसतो. हँडस्टॉप म्हणजे डाव्या हाताला अडवणारा गोलसर तुकडा. त्यालाच किंवा त्याच्या लगत स्विवेल, म्हणजे पट्टा अडकवायची कडी असते, आणि स्लिंगचं पुढचं टोक या स्विवेलमध्ये अडकतं. बऱ्याच रेलवर आकडे किंवा रेघा असतात. नसतील तर बाजूला मास्किंग टेपची पट्टी लावून पेन्सिलने रेघा मारा, पुढे तुमच्याच कामाला येतील.

स्लिंगला दोन जागी लांबी बदलता येते. दंडाभोवतीचा फास किंवा कफ वेगळा आणि दंडापासून हँडस्टॉपपर्यंतचा भाग वेगळा. हे दोन समायोजन नवशिक्याच्या डोक्यात एक होतात आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. कफ घट्ट करणं म्हणजे स्लिंग घट्ट करणं नव्हे.

नियम थोडक्यात सांगतो, कारण खरेदी करताना उपयोगी पडतात. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे स्लिंगची रुंदी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर. तो फक्त डाव्या दंडावर घालायचा आणि फोरएंडला एकाच जागी जोडायचा. हाताच्या किंवा मनगटाच्या एकाच बाजूने तो जायला हवा. हँडस्टॉप आणि स्विवेल सोडून रायफलच्या दुसऱ्या कुठल्याही भागाला त्याचा स्पर्श चालत नाही. हा शेवटचा मुद्दा बघायला विसरू नका. लांब पट्ट्याचं लोंबतं टोक फोरएंडला टेकलेलं असतं आणि इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या टेबलावर ते लक्षात येतं.

पहिला स्लिंग विकत घेऊ नका. क्लबमध्ये तीन-चार प्रकारचे पडलेले असतात, ते सगळे घालून बघा. चामड्याचा अंगाला लवकर बसतो पण ताणतो, नायलॉनसारख्या सिंथेटिकचा ताणत नाही पण बकल साधं असेल तर त्यातून हळूहळू सरकतो. माझं मत विचाराल तर आतून रबरी किंवा खरखरीत अस्तर असलेला रुंद कफ आणि आकडे टाकलेली भोकं, एवढं असलं की बाकी शोभेचं.

आणि जॅकेट-ग्लोव्ह घालूनच सगळं करा. टी-शर्टवर बसवलेला स्लिंग जॅकेटवर चुकीचा ठरतो, हे उघड आहे तरी लोक करतात. डाव्या हातातलं घड्याळ, अंगठी, दोरा काढून ठेवा. ग्लोव्हखाली अंगठी असली तर पंधराव्या मिनिटाला तुम्ही नेमाचा विचार करत नसता.

स्लिंग दंडावर

हे रायफलशिवाय करायचं. उभे राहा, डावा हात सैल सोडा, कफ दंडात घाला आणि वर सरकवा.

किती वर? खांद्याचा गोल स्नायू संपतो त्याच्या लगत खाली, दंडाच्या बेटकुळीच्या फुगवट्याच्या वर. बेटकुळीच्या मधोमध बसवला तर स्नायू जरा हलला की पट्टा हलतो. कोपराजवळ असला तर त्रिकोण तोकडा होतो आणि पुढचा हात दाबला जातो. काही चांगले नेमबाज बरेच खाली घालतात हे खरं, पण त्यांनी तो निर्णय बरीच वर्षं खेळून घेतलेला असतो. नवशिक्याने वरून सुरुवात करावी.

आता पट्टा कफमधून कुठल्या बाजूने बाहेर पडतो ते बघा. तो दंडाच्या बाहेरच्या अंगाने निघाला पाहिजे. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते. पट्ट्याचा ताण तिच्यावर पडला की प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलपर्यंत पोचतो. हे एकदा मुद्दाम करून बघण्यासारखं आहे. कफ फिरवून पट्टा आतून काढा, पोझिशन घ्या, डायॉप्टरमधून बघा. पुढच्या साइटच्या गोल कडीत बुल, म्हणजे टार्गेटचा काळा गोल, बसलेला असतो आणि तो जागच्या जागी टुकटुक करतो, एका लयीत, तिरका, छोटासा. श्वास रोखला तरी थांबत नाही. आता कफ थोडा बाहेरच्या बाजूला फिरवा आणि परत बघा. ठोका पूर्ण जाईलच असं नाही, पण एवढासा राहतो. एक बोट इकडे-तिकडे फिरवण्याने केवढा फरक पडतो ते असं कळतं, सांगून कळत नाही.

कफ किती घट्ट? तो खाली घसरू नये, बस. हाताला मुंग्या येण्याचं कारण बहुतेक वेळा लांबीचा ताण नसतो, कफच फासासारखा आवळलेला असतो. घसरण्याची भीती असेल तर जॅकेटच्या डाव्या बाहीवर किंवा खांद्याच्या शिवणीवर एक हूक, बटण किंवा लूप असतो, त्यात कफ अडकवा. असा एकच अडकवा नियमात बसतो. कफखाली बाहीची घडी राहिली आहे का, हे बोट फिरवून बघा. ती घडी दहा मिनिटांनी टोचू लागते आणि मग माणूस नकळत कोपर हलवतो.

हँडस्टॉपची जागा

आता मॅटवर. अंग टार्गेटच्या रेषेशी थोडं तिरकं, पाय डावीकडे जातील असं. उजवा गुडघा जरासा वर ओढलेला, म्हणजे पोट मॅटवरून थोडं उचललं जातं आणि श्वासाचा हेलकावा कमी होतो. डावा कोपर रायफलच्या बरोबर खाली नको, किंचित डावीकडे.

हँडस्टॉप पूर्ण सैल करून पुढे ढकलून ठेवा. स्लिंग अजून जोडू नका. कोच किंवा मित्र नळीच्या पुढच्या टोकाला रायफल आडवी धरून ठेवेल. तुम्ही दस्ता खांद्याला लावा, गाल चीकपीसवर टेकवा आणि डावा हात सहज जाईल तिथे फोरएंडखाली जाऊ द्या. मान वाकवून हँडस्टॉपकडे बघू नका. मित्राने हँडस्टॉप मागे सरकवत आणायचा, तुमच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याला लागेपर्यंत. तिथे नट हलका आवळायचा. ही झाली पहिली जागा. ती शेवटची नसते.

दुसऱ्याने बाजूने बघून सांगायची एक गोष्ट: पुढच्या हाताचा जमिनीशी कोन. नियमाप्रमाणे तो ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही. नवशिके पोझिशन खाली घेत घेत हात जवळजवळ आडवा करतात, कारण ते सोपं वाटतं. त्यांना पहिल्याच स्पर्धेत ज्युरी उठवतो. फोन मॅटच्या उंचीला धरून बाजूने एक फोटो काढला की कोन स्क्रीनवर मोजता येतो.

मनगट सरळ हवं. रायफलचं वजन तळहातावर अंगठ्याच्या मुळाजवळच्या मांसल भागावर येऊन मनगटातून सरळ हाडात उतरलं पाहिजे. बोटांच्या पेरांवर वजन आलं तर मनगट मागे मोडतं आणि पंधरा गोळ्यांत दुखायला लागतं.

आता लांबी

इथे घाई करू नका, या लेखातला हाच खरा भाग आहे.

स्लिंग स्विवेलला जोडा. पट्ट्याला अर्धा पीळ द्यायचा, म्हणजे तो मनगटाच्या बाहेरून येताना हाताच्या पाठीवर सपाट बसेल. पीळ न देता जोडला तर त्याची धार हाडात घुसते. सुरुवात मुद्दाम सैल भोकापासून करा, इतकी सैल की रायफल हातानेच धरावी लागेल. पोझिशन घ्या. मग एकेक भोक कमी करत चला आणि दर भोकाला खालची परीक्षा घ्या.

मित्राने नळीजवळ हात ठेवायचा, धरायचं नाही, फक्त पडली तर झेलायला. तुम्ही उजवा हात ग्रिपवरून काढा. डाव्या हाताची बोटं उघडा, पंजा सैल सोडा, कोपरापासून वर काहीही ताठ ठेवू नका. रायफल कुठे जाते?

नळी खाली झुकली, दस्ता खांद्यावरून सुटायला लागला, तर स्लिंग अजून सैल आहे. रायफल जागेवर राहिली, दस्ता खांद्यात रुतून राहिला आणि तुम्ही नुसते पडून श्वास घेत आहात, तर तुम्ही त्या जागेजवळ आलात. दस्ता खांद्यात बसवण्यासाठी उजव्या हाताने जरा जोर करावा लागणं हे ठीक आहे, ताण असल्याची ती खूण. पण दस्ता बसवताना दात-ओठ खावे लागत असतील, खांदा कानाकडे चढत असेल किंवा डावा हात हँडस्टॉपवर चिणला जात असेल, तर एक भोक मागे या.

अर्थात, मागे येण्याआधी दस्त्याची लांबी बघा. स्लिंग रायफलला मागे खांद्यात ओढतो. बटप्लेट, म्हणजे दस्त्याचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, लांब असेल तर स्लिंग बरोबर असूनही घट्ट वाटतो, आखूड असेल तर कितीही आवळला तरी सैल. मग लोक स्लिंगच आवळत किंवा सोडत राहतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. हँडस्टॉप बदलला तर लांबी आणि बटप्लेट तशीच ठेवून पोझिशन घ्या, बघा, लिहा, मग पुढचं. तिन्ही एकदम हलवणाऱ्याला संध्याकाळपर्यंत काहीच कळत नाही.

नवीन शरीराला स्लिंगचा दाब सवयीचा नसतो. पहिल्या आठवड्यात जे भोक घट्ट वाटतं ते महिन्याभराने सैल वाटू शकतं. म्हणून पहिल्या दिवशी शेवटचं भोक गाठायची शर्यत लावू नका. दर १५-२० मिनिटांनी रायफल खाली, फ्लॅग आत, स्लिंग स्विवेलमधून सोडून हात झटका. मुंग्या आल्या असतील तर थांबायचंच. बधिर हाताला पोझिशन बदलल्याचं कळत नाही.

नेम स्वतःहून कुठे जातो

लांबी जमली की डोळे मिटा. दोन-तीन श्वास घ्या, अंग मॅटवर सोडून द्या, उघडा. साइट बुलवर असली तर उत्तम. डावीकडे-उजवीकडे असली तर हाताने ओढून आणू नका. डावा कोपर न हलवता कंबर आणि पाय थोडे सरकवा, पूर्ण अंग कोपराभोवती फिरवा आणि परत डोळे मिटा. हाताने ओढलेली रायफल ट्रिगर सुटताक्षणी आपल्या मूळ जागेकडे परत जाऊ पाहते आणि गोळी तिच्याबरोबर जाते.

वर-खालीसाठी हँडस्टॉप आहे. तो मागे, म्हणजे तुमच्याकडे आणला तर नळी वर जाते, पुढे ढकलला तर खाली. काही मिलिमीटरच पुरतात. स्लिंग एक भोक आखूड केला तरी नळी वर जाते, पण त्याने ताणही बदलतो, म्हणून बारीक फरकासाठी भोक वापरू नका.

मग श्वास बघा. प्रोनमध्ये श्वासाबरोबर साइट वर-खाली होणारच, ती उभ्या रेषेत व्हायला हवी: बारा आणि सहाच्या रेषेत, घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर. तिरकी जात असेल तर बहुधा डावा कोपर चुकीच्या जागी आहे किंवा रायफल कलंडली आहे. स्लिंगला हात लावण्याआधी कोपर तपासा.

मग काडतुसं

एवढं ड्राय, म्हणजे काडतुसांशिवाय, जमल्यावर कोचच्या परवानगीने पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारा. गुण बघू नका. ग्रुप टार्गेटच्या कोपऱ्यात पडला तरी चालेल, तो डायॉप्टरच्या क्लिकने मधे येईल. बघायचं ते दोन गोष्टींसाठी. गोळी सुटल्यावर रायफल उडून परत त्याच बुलवर येते का? .२२ चा धक्का हलका असतो, पण उडी दिसते. उडून सरळ वर जाऊन परत खाली बसली तर पोझिशन टिकून आहे. दर वेळी शेजारच्या टार्गेटकडे झुकून थांबत असेल तर अंग अजून फिरलेलं आहे.

दुसरं म्हणजे ग्रुपचा आकार. उभा लांबट ग्रुप असेल तर श्वास एकाच जागी थांबत नाही किंवा ताण दर गोळीला बदलतो आहे. पहिल्या गोळ्या वर आणि हळूहळू सगळा ग्रुप खाली उतरत गेला तर कफ दंडावरून घसरतो आहे असं समजा. तो घसरला की स्लिंग तेवढा लांब झाल्यासारखा होतो. बाहीवर कफच्या वरच्या कडेला खडूची एक रेघ मारा, दहा गोळ्यांनंतर कफ रेघेपासून किती खाली आला ते दिसेल. वाद घालायची गरज राहत नाही. आडवा पसरलेला ग्रुप असला तर आधी वारा आणि ट्रिगरकडे बघा, स्लिंगचा त्यात हात कमीच असतो.

मोठा ग्रुप पडला म्हणून तिथल्या तिथे भोक बदलू नका. निदान तीन-चार ग्रुप एकाच सेटिंगवर मारा.

लिहून ठेवणं

डायरीत ही माहिती हवी: तारीख, कुठली रायफल, रेलवरचा आकडा, स्लिंगचं भोक, कफचं भोक, बटप्लेटची लांबी आणि उंची, आणि जॅकेटच्या आत काय घातलं होतं. शेवटचं लोकांना गंमत वाटते. पण डिसेंबरच्या सकाळी पुण्यात बालेवाडीला तुम्ही आत जाड स्वेटर घालता आणि मेच्या दुपारी पातळ बनियन. दंडाची जाडी बदलते, मग भोकही बदलतं. एकच आकडा वर्षभर चालवणारे एप्रिलमध्ये "फॉर्म गेला" म्हणत हिंडतात.

क्लबची रायफल पाच जण वापरत असतील तर हे जास्तच गरजेचं. तुमच्या आधीच्याने हँडस्टॉप हलवलेला असणारच. आकडा असला की मिनिटाभरात आपल्या जागेवर येतो.

थ्री पोझिशनकडे, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून मारण्याकडे वळणाऱ्यांनी नीलिंगचे, म्हणजे गुडघ्यावरचे आकडे वेगळ्या पानावर लिहावेत. गुडघ्यावर बसल्यावर अंगाची सगळी भूमिती बदलते. हँडस्टॉप बहुधा प्रोनपेक्षा मागे येतो आणि स्लिंगचं भोकही तेच राहत नाही. प्रोनचंच सेटिंग ठेवून नीलिंग करायला जाऊ नका. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, त्यात क्रम होता नीलिंग, प्रोन, स्टँडिंग. म्हणजे पहिल्या दोन्हींत स्लिंग, दोन वेगळ्या मापांचा, आणि स्टँडिंगला तो काढून ठेवायचा. हा बदल घड्याळ चालू असताना करावा लागतो. त्यासाठी टेपवर दोन रंगांच्या दोन रेघा असलेल्या बऱ्या.

पावसाळा, घाम आणि चामडं

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर चामड्याच्या स्लिंगवर पांढरी बुरशी धरते. जॅकेटबरोबर बंद बॅगेत कोंबून घरी नेलात तर दोन दिवसांत. रेंजवरून आल्यावर स्लिंग बाहेर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वाऱ्यावर टांगा. उन्हात वाळवू नका, कडक होऊन भोकांपाशी चिरतो. तेलाने थबथबूही नका, मऊ पडलेलं चामडं ताणतं आणि तुमचं भोक महिन्याभरात बदलतं. भोकं लांबट झालेली दिसली की त्या स्लिंगची निवृत्ती जवळ आली. बकलची पिन वाकली आहे का आणि हँडस्टॉपचा नट घट्ट आहे का, हे दर सरावाआधी हाताने बघायचं. सरावाच्या मधे सैल झालेला हँडस्टॉप फार फसवतो. रायफल थोडी-थोडी पुढे सरकते आणि तुम्हाला वाटतं, आज आपलंच काहीतरी बिनसलंय.

आणि तो खांद्यावरचा पट्टा

शूटिंग स्लिंगने रायफल उचलायची नाही, टांगायची नाही. फायरिंग पॉइंट सोडताना क्रम असा: बोल्ट उघडा, फ्लॅग, स्लिंग स्विवेलमधून सोडा, मग उठा. स्लिंग दंडाला आणि रायफलला दोन्हीकडे जोडलेला ठेवून उठायला गेलात तर नळी कुठेही फिरते. रेंजवर ओरडा खायचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

एनसीसीत जी .२२ हाताळता तिला दोन टोकांना स्विवेल असतात, एक पुढे फोरएंडला, एक दस्त्याखाली, आणि त्यात साधा वेबिंगचा पट्टा. तो वाहून नेण्यासाठी आहे. तो बसवताना पट्टा पुढच्या स्विवेलमधून बाहेरून आत घेऊन बकलमध्ये अडकवायचा, तसंच मागच्या, आणि पीळ राहू द्यायचा नाही. रायफल उजव्या खांद्याला टांगल्यावर नळी वर, दस्ता कमरेखाली लटकला तर चालताना तो मांडीवर आपटतो. तेवढा आखूड करा. दोन्ही स्विवेलचे स्क्रू नखाने हलवून बघा. जुन्या रायफलींत दस्त्यातला स्क्रू लाकडात सैल झालेला असतो आणि पट्ट्यासकट निघून येतो. सैल निघाला तर स्वतः काडी-फेविकॉल करत बसू नका, आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, आणि तोवर ती रायफल दोन्ही हातांनी धरूनच न्या.

स्पर्धेसाठी नेताना हा प्रश्न येत नाही. बोल्ट काढलेली रायफल कुलपाच्या पेटीत, स्लिंग जॅकेटच्या बॅगेत, हँडस्टॉप रेलवर त्याच्या आकड्यावर. परवान्याची मूळ प्रत पेटीत ठेवू नका. ती अंगावरच्या पिशवीत हवी, कारण स्टेशनवर पोलीस पेटी उघडायला सांगायच्या आधी कागद मागतात.